एस्तेरबाईंचं गाणं

सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि अकोला गाडी तीन नंबरच्या फलाटावर लागली होती. वच्छलानं माइकचं बटण दाबलं, सवयीनं एकदा खाकरली आणि सुरुवात केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अमरावतीहून अकोल्याला जाणारी गाडी, मार्गे बडनेरा..." आणि ती थांबली. पुढचं गाव तिला माहीत होतं. अठरा वर्षं कंडक्टर म्हणून तिनं त्याच रस्त्यावर तिकिटं दिली होती आणि गेली सात वर्षं अमरावतीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या या खिडकीत बसून ती दिवसातून वीस वेळा त्या गावाचं नाव घेत होती. गाव तिला समोर दिसत होतं. स्टँडबाहेरची रसवंती, उन्हात तापलेला सिमेंटचा बाक, गाडी वळली की डाव्या हाताला येणारं लिंबाचं झाड. फक्त गावावरची पाटी कुणीतरी काढून नेली होती. तिनं तोंड उघडलं आणि साऱ्या स्टँडभर ऐकू गेलं, "आता." तिला ते म्हणायचं नव्हतं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. "आता. आता आता." फलाटावर कुणीतरी हसलं. उजव्या हातातलं पेन टेबलावरून गडगडत खाली गेलं, आणि ते आपल्याच हातातून पडलं हे तिला पेन जमिनीवर दिसल्यावर कळलं. अकोला गाडीचे ड्रायव्हर खुशालराव दारातून वाकून म्हणाले, "काय करून राहिल्या बाई? लोकं हसून राहिले ना बाहेर." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. घाबरायला तिला वेळच मिळाला नाही. तिला आठवतं ते एवढंच, की माइक चालू राहिला आहे, कुणीतरी बंद करा, असं तिला सांगायचं होतं आणि तिनं सांगितलं, "आता."

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं म्हणून वाचल्या. आठव्या दिवशी ती आधारानं चालू लागली, उजवा हात जड राहिला, तोंडाचा वाकडेपणा हळूहळू गेला. बोलणं मात्र आलं नाही. तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, आणि तहान लागली, लघवीला जायचंय, पंखा कमी करा, मला भीती वाटते, हे सगळं तिला त्या एका शब्दात घालावं लागे. तिचा नवरा महादेवराव पलंगाजवळ बसून अंदाज बांधत राही. "पाणी? नाइ? चादर? नाइ? मंग काय पायजे वच्छला?" पोस्टातून निवृत्त झालेला, हळू चालणारा, हळू जेवणारा माणूस. दर गुरुवारी संध्याकाळी तो कॉलनीतल्या सामुदायिक प्रार्थनेत खंजिरी वाजवायचा आणि वर्षातून दोनदा मोझरीच्या आश्रमात जाऊन यायचा. त्याच्या अंदाजांतला एखादा बरोबर निघाला की तो लहान मुलासारखा खूश होई, आणि तो खूश झालेला पाहून वच्छलाला रडू येई. लोक भेटायला येत. तिच्याशी मोठ्यानं बोलत, जणू ती बहिरी झाली आहे, आणि नंतर तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलत, जणू ती खोलीतच नाही. तिला सगळं समजत होतं. ज्याला ती 'मी' म्हणत आली होती ते मात्र हल्ली सैल झालं होतं. डोळे मिटून ती स्वतःशीच काही बोलू पाही तेव्हा आतही शब्द सापडत नसत. गाड्या येत होत्या, जात होत्या, पण एकीवरही पाटी नव्हती. मनातल्या मनात बोलणंही माणसाचं जाऊ शकतं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

महिनाभरानं मुलगी, करिश्मा, तिला अकोल्याला आपल्या घरी घेऊन आली. तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दीक्षा मॅडम राहायच्या, लकव्यानं वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायच्या. वयानं करिश्माएवढीच मुलगी, केस मागं घट्ट बांधलेले, आवाज शांत. ती टेबलावर चित्रं मांडायची. कप, गाय, कुलूप, केळं. "बाई, हे काय आहे?" वच्छला केळ्याकडे पाही. केळ्याची साल बोटांना कशी लागते, पिकलेल्या केळ्याचा वास डब्यात कसा कोंडतो, करिश्माच्या वेळी गरोदरपणात तिला केळं बघवत नसे, सारं काही यायचं. नाव तेवढं येत नसे. दीक्षा कंटाळत नव्हती. "होईल बाई. घाई नाही," म्हणायची. पण पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, आणि एक दिवस वच्छलानं डाव्या हातानं सगळी चित्रं गोळा केली, गठ्ठा नीट केला आणि दीक्षाच्या पिशवीत ठेवून दिला. त्या दिवशी ती जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता यापुढे काही सांगायचंच नाही, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा तसं एक जड, थंड काहीतरी तिच्यावर येऊन बसलं आणि तिनं त्याला हटवलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी घडलं ते. तिला पोटात घ्यायची इंजेक्शनं होती, आणि ती द्यायला शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका यायची. त्या सकाळी ती आली, स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवला, तो गारवा कातडीवर पसरला आणि त्याचा वास नाकात शिरला. वच्छलानं डोळे मिटले. घशात काहीतरी हललं. आधी नुसता सूर आला, खरखरीत, वापरात नसलेल्या नळातून हवा यावी तसा. मग त्या सुराला धरून, एकामागून एक, कुठंही न अडखळता शब्द बाहेर आले.

थकला पाय तरी चाल जराशी,
हात माझा घट्ट धर;
काळोखाच्या पल्याड आहे
माझ्या बापाचे घर.

करिश्मा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "आई! आई बोलली! आई, पुना म्हन ना!" वच्छलानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. म्हणताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता. 'काळोखाच्या' म्हणताना जीभ मागं वळली, 'बापाचे' म्हणताना ओठ मिटून उघडले. ही आपलीच जीभ, हे आपलेच ओठ. त्यांना सगळं येतं. ते मेलेले नाहीत. इंजेक्शन हातात धरून उभी असलेली परिचारिका म्हणाली, "हे तर चर्चमधलं गाणं दिसते. तुमी ख्रिश्चन आहात काय?" करिश्मा म्हणाली, "नाइ, आमी नाइ," आणि मग आईकडे पाहत राहिली. तिनं हे गाणं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

कुणीच ऐकलं नव्हतं. वच्छला बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. भातकुलीला बापाची, रामरावांची, भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या हिवाळ्यात ती खोकू लागली, संध्याकाळी ताप येऊ लागला, आणि एका दिवशी मेथीच्या वाफ्यात बसल्या बसल्या खोकल्यातून रक्त आलं. रामरावांनी त्यावर पायानं माती सारली आणि इकडेतिकडे पाहिलं. ते पाहणं वच्छला विसरली नाही. क्षयाची पोरगी म्हणजे तिचं लग्न नाही, आणि तिच्या मागच्या दोन बहिणींचंही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तिला घेऊन निघाले ते ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून थेट अकोल्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात. गावात सांगितलं, पोरगी वरूडला मावशीकडं राहायला गेली. पाच महिने ती तिथं होती. नव्वद इंजेक्शनं, एक दिवस उजवीकडं, एक दिवस डावीकडं, बसताही येत नसे. वॉर्डमध्ये सगळ्या मोठ्या बाया. तीच एक लहान. समोरच्या खाटेवरची बाई एका दुपारी मेली आणि तिची खाट धुऊन उन्हात ठेवली, तेव्हापासून वच्छलानं झोपणं सोडलं, कारण डोळे मिटले की आपली खाट उन्हात दिसायची. एस्तेरबाई त्या वॉर्डच्या नर्स होत्या. नगरकडच्या, उंच, मनगटावर पुरुषी घड्याळ. सकाळी सहाला इंजेक्शनचा ट्रे घेऊन त्या आत यायच्या आणि ट्रेवरची भांडी वाजू नयेत इतक्या हळू चालत हे गाणं म्हणायच्या. कुणाला शिकवायच्या नाहीत, म्हणा म्हणायच्या नाहीत. एकदा वच्छलानं विचारलं, "बाई, तुमच्या बाचं घर कुठी हाय?" एस्तेरबाई थांबल्या. म्हणाल्या, "का गं? तुझ्या बापाचं घर आहे ना?" "हाय. भातकुलीले." "मग झालं तर. तिथंच जायचंय तुला. तेवढं चालायचं." असं म्हणून त्यांनी सुई टोचली, आणि वच्छला त्या गाण्याच्या ओळीला धरून राहिली. बापाचं घर म्हणजे वाडीतलं पत्र्याचं घर, दारातला सांबाराचा वास, पाण्याची मोट. देवाविषयी ते गाणं आहे हे तिला मोठेपणी समजलं, आणि समजूनही तिच्यासाठी ते घर पत्र्याचंच राहिलं. सकाळी एस्तेरबाईंच्या मागं मनात आणि दुपारी पांघरुणाखाली तोंडातल्या तोंडात ती ते म्हणायची. चौथ्या महिन्यात ताप उतरला.

घरी नेताना रामरावांनी अकोल्याच्या बाजारातून पिशवीभर संत्री घेतली. "वरूडहून आणली म्हनजो," ते बसमध्ये म्हणाले. गावात शिरल्यावर वच्छलानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना संत्री वाटली आणि मावशीच्या बागेच्या गोष्टी सांगितल्या. नसलेल्या बागेच्या. त्या दिवसापासून ते गाणं तिनं ओठांवर आणलं नाही, कारण गाणं आलं की कुठं शिकली हा प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नाच्या मागं उन्हात धुऊन ठेवलेली खाट. पुढं लग्न झालं. सासूनं मुलगी पाहायला आल्यावर विचारलंच होतं, "कोणता आजार-फिजार तं नाइ ना पोरीले?" आणि रामराव म्हणाले होते, "आतालोक डोकं दुखलं नाइ तिचं." महादेवराव तेव्हा समोर बसून चिवडा खात होता. चांगला माणूस आहे हे तिला आठ दिवसांतच कळलं, आणि चांगल्या माणसाला सांगायची वेळ कधी आलीच नाही. पहिल्या वर्षी भीती होती, दहाव्या वर्षी लाज, आणि तिसाव्या वर्षी त्यात सांगण्यासारखं काही उरलं आहे असंही वाटत नव्हतं. प्रार्थनेला ती त्याच्याबरोबर जायची, टाळ्या वाजवायची, ओठ हलवायची. आवाज काढून ती कधीच गायली नाही.

करिश्माचा फोन गेला तसा महादेवराव त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं अमरावतीहून आला. पायातली चप्पल न काढताच दारात उभा राहून ऐकलं त्यानं. दोनदा ऐकलं. हसला, डोळे पुसले, पिशवीतून आणलेले चिकू काढून करिश्माच्या हातात दिले. मग खाली बसून म्हणाला, "आता आपली प्रार्थना म्हन बरं. मी सुरू करतो." त्यानं सुरुवात केली. वच्छलानं ओठ हलवले. सूर आला, शब्द आले नाहीत. त्यानं पुन्हा सुरुवात केली, हळू, एकेक शब्द सोडवत. नाहीच. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "हे गानं कुठी शिकली तू वच्छला?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आता," ती म्हणाली. "लगनाच्या आधी? कोनाजवळ?" "आता. आता." "तीस वर्सांत एक डाव नाइ म्हनलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हिशेब लावत होता, जुन्या पत्रावरचा अर्धवट पत्ता लावावा तसा. कोण असेल, कुठं असेल, किती दिवस असेल. तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि ती काहीही पुसू शकत नव्हती. संध्याकाळी तो परत गेला. नंतर रोज फोन यायचा, करिश्मा फोन तिच्या कानाला लावायची, आणि तो म्हणायचा, "जेवली काय?" आणि मग पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

दीक्षाला मात्र आनंद झाला होता. "बाई, बोलायची जागा एकीकडे, गायची जागा दुसरीकडे," ती स्वतःच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात ठेवून म्हणाली. "ही बाजू शाबूत आहे. आपण इकडून दार उघडू." तिनं वच्छलाचा डावा हात घेतला, टेबलावर ठेका धरायला लावला आणि त्याच चालीत दुसरे शब्द घातले. पाणी दे ना, तहान लागली. गॅलरीत मला बसव जरा. पहिल्या दिवशी वच्छलाला संकोच वाटला. एस्तेरबाईंच्या गाण्यात आपण चहापाणी भरतो आहोत असं वाटलं. मग वाटलं, त्या तरी काय करत होत्या? सुया आणि बेडपॅनच. ती सकाळी उठली की आधी गाणं जसंच्या तसं म्हणायची, पूर्ण, अंथरुणावर ताठ बसून. ते म्हटलं की छातीत जागा व्हायची. जे जड, थंड येऊन बसलं होतं ते गेलं नाही, पण त्यानं थोडं सरकून तिला वाट दिली. आपण पुन्हा माइकसमोर बसणार नाही हे तिला एव्हाना कळलं होतं. डेपोतून कागदावरचं काम देऊ म्हणून निरोप आला होता, आणि तो निरोप ऐकताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. तिला आता एकच वाक्य हवं होतं. दीक्षानं दिलेलं नव्हे, स्वतःचं. ते तिनं कुणाला न सांगता करायला घेतलं. दुपारी करिश्मा झोपली की ती गॅलरीत जायची आणि डाव्या हातानं कठड्यावर ठेका धरायची. पहिला शब्द चार दिवसांनी आला. दुसरा आला तेव्हा पहिला हरवला. समोरच्या घराच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या लाल रंगाकडे पाहत ती पुन्हा पुन्हा त्याच जागी जायची, जसं बारा वर्षांच्या पोरीला एस्तेरबाईंनी सांगितलं होतं, तेवढं चालायचं. अकराव्या दिवशी ओळी सलग आल्या. तिला घाम फुटला होता.

रविवारी दुपारी महादेवराव आला. जेवण झाल्यावर तो उठायला लागला तसा तिनं त्याचा शर्ट धरला आणि त्याला पलंगावर समोर बसवलं. करिश्मा आत भांडी आवरत होती. वच्छलानं पलंगाच्या कडेवर ठेका धरला. एकदा नुसताच. मग त्या चालीत, डोळे त्याच्यावर ठेवून, ती म्हणाली:

छाती माही खराब होती,
बारा वर्सांची होती मी;
पाच महिने दवाखाना,
सांगलं नाइ तुमाले मी.

तो पाहत राहिला. तिला वाटलं कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. शेवटची ओळ म्हणताना तिचा ठेका चुकला. "टी.बी.?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. "मिशनच्या दवाखान्यात?" मान हलवली. तो उठला. गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला, आणि तिथूनच, आवाज न चढवता म्हणाला, "मंग सांगाले काय झालं होतं बाप्पा? मी का तुले काढून देल्लं असतं?" मग कठड्यावर हात टेकून म्हणाला, "मायनं लगीन मोडलं असतं, हे खरं हाय. पन मंग? माय जाऊन वीस वर्सं झाली ना." तिनं ऐकून घेतलं. त्याला तेवढा हक्क होता, आणि त्याला तो वापरू देण्यात तिला एक प्रकारचं बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत कुणी तिच्यावर रागावलं नव्हतं. सगळे तिच्यावर दया करत होते. ती तिथंच, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवटी तो आत आला, तिच्या शेजारी बसला आणि त्यानं विचारलं, "इलाज पुरा झाला होता ना?"

तिला हसू आलं. चाळीस वर्षांनी हा प्रश्न. तिनं मान हलवली आणि डाव्या हाताची बोटं पुन्हा पुन्हा उघडमीट करून नव्वद दाखवायचा प्रयत्न केला, आणि तिसाच्या आसपास दोघांचाही हिशेब चुकला. "कोन होतं जवळ? रामराव राहत होते?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. "एकटीच?" त्यानं तिचा जड झालेला उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ करत बसला, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. मग म्हणाला, "ते गानं म्हन. पैलेचं. मले शिकू दे." त्यानं जेवणाचं रिकामं ताट उलटं करून मांडीवर घेतलं आणि बोटांनी त्यावर हलका ताल धरला. ती म्हणाली, तो ऐकत मागून म्हणू लागला. सूर त्याला लगेच सापडला, शब्द त्याचे नेहमीप्रमाणे घसरत होते. "थकला पाय तरी..." बरोबर. "हात माझा..." बरोबर. आणि पुढं, डोळे मिटून, मोठ्या विश्वासानं, "काळोखाच्या मागं आहे..."

"पल्याड," वच्छला म्हणाली.

चाल नव्हती, ठेका नव्हता. कंडक्टर असताना चुकीच्या गाडीत चढलेल्या उतारूला टोकायची तशा साध्या, थोड्या चिडक्या आवाजात. आतली भांडी थांबली. महादेवरावचा हात ताटावर तसाच राहिला.

"काय म्हनली?"

"पल्याड. मागं नाइ. पल्याड म्हना."

"बरं बाई," तो म्हणाला, "पल्याड," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.